फक्त पाय दिसले पाहिजेत

जुनी शिडाची होडी बघायला आलेल्या माणसाचे फक्त पाय दिसत असतील, तर समजावे की माणूस जाणता आहे. धड गादीखालच्या कप्प्यात, डोके त्याच्याही खाली, तोंडात विजेरी आणि मधूनच आतून उमटणारे एक ‘हं’. विकणाऱ्याला या ‘हं’ची जेवढी धास्ती वाटते तेवढी वादळाची वाटत नाही. वादळाची गाठ पुढच्या मालकाशी पडणार असते; ‘हं’ मात्र याच मालकाच्या खिशाला कात्री लावते.

बाकीचे गिऱ्हाईक होडी उभ्याने बघते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हॅम्बल नदीच्या काठी, हिवाळ्यात होड्या पाण्याबाहेर काढून टेकूंवर उभ्या करतात. तिथे शनिवारी हे गिऱ्हाईक दिसते. शिडी चढून वर जाते, गाद्या दाबून बघते, स्टोव्ह पेटतो का ते विचारते, पडदे मागच्याच वर्षी शिवले हे ऐकून मान डोलावते. मग डोलकाठीला हात लावून लांब बघते. समोर चिखल आणि कुणाची तरी व्हॅन असते, पण गिऱ्हाईक मनाने ताहितीला पोचलेले असते. जाहिरातीत ‘महासागरासाठी सज्ज’ असे छापलेले असते. आपल्याकडच्या ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ या शब्दांत जेवढा सच्चेपणा असतो, तेवढा त्यात असतो. म्हणजे आहे पाच मिनिटे, पण हेलिकॉप्टरने. ही महासागरसज्ज होडी गेली आठ वर्षे बंदराच्या तोंडाबाहेर पडलेली नसते. चहाची किटली तेवढी सज्ज असते.

प्रस्तुत लेखकाचा समुद्रानुभव भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या रेवसच्या लाँचपुरता आहे, आणि त्यातला अर्धा कठड्यावरून खाली वाकण्यात गेला. साहजिकच या विषयावर त्याची मते ठाम आहेत.

होडीच्या परीक्षेचा सर्वांत खात्रीचा मार्ग जोशुआ स्लोकमने दाखवून ठेवला आहे. तो म्हणजे परीक्षा न घेणे. १८९२ सालच्या हिवाळ्यात हा मुरलेला पण बेकार कप्तान बॉस्टनमध्ये काम शोधत होता. एबेन पिअर्स नावाच्या एका जुन्या ओळखीच्या कप्तानाने त्याला फेअरहेवनला ये, तुला जहाज देतो, थोडी डागडुजी लागेल, असे सांगितले. स्लोकम गेला. जहाज कुरणात उभे होते. कालवे काढायची जुनी होडी, कॅनव्हासने झाकलेली, पाण्यापासून लांब. ‘स्प्रे’ तिचे नाव. गावाला वाटले, अखेर मोडीत काढायला कुणी आला. पिअर्सने थट्टाच केली होती. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. इथे गायच नव्हती, नुसते दावे होते.

स्लोकमने दात मोजले नाहीत. त्याने कवळी बसवली. शेजारचा ओक तोडून नवा कील, म्हणजे होडीच्या तळाचा कणा, घातला, मग नव्या बरगड्या, मग नव्या फळ्या. तेरा महिने खपून आणि ५५३ डॉलर ६२ सेंटचे सामान घालून पावणेसदतीस फुटांची नवी होडी उभी राहिली. जुने काय उरले, तर नाव. आणि मग २४ एप्रिल १८९५ रोजी बॉस्टनहून निघून २७ जून १८९८ रोजी हा गृहस्थ एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून न्यूपोर्टला परतला. असे करणारा तो पहिलाच. वेळ बघायला त्याच्याकडे एक डॉलरचे पत्र्याचे घड्याळ होते. दीड डॉलर किंमत होती. तबकडी फुटलेली म्हणून अर्धा डॉलर कमी झाला. घासाघीस करणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला हा कप्तान आपला वाटावा.

गंमत पुढे आहे. ‘स्प्रे’चे नाव झाल्यावर लोकांनी तिच्या नकला बांधायला घेतल्या, तेव्हा जॉन हॅना नावाच्या अमेरिकी नौकारचनाकाराने हात जोडून, खरे तर हात उगारून, असे करू नका म्हणून बजावले. रुंद, उथळ, जडशीळ अशी ती होडी एका मर्यादेपुढे कलली तर सरळ होण्याऐवजी उलटीच होण्याची शक्यता जास्त, असा त्याचा हिशेब होता. जगातली सर्वांत प्रसिद्ध महासागरी होडी कागदावर नापास! १९०९ मध्ये स्लोकम तिच्यातूनच पुन्हा निघाला आणि परत आला नाही. का, ते समुद्रालाच ठाऊक.

कागदावरच्या परीक्षेचा इतिहास फास्टनेट शर्यतीपाशी वळण घेतो. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परत यायला ३०३ होड्या निघाल्या आणि मध्येच वादळात सापडल्या. शर्यतीतले पंधरा जण गेले. २४ होड्या खलाशांनी सोडून दिल्या, आणि त्यांतल्या बुडाल्या फक्त पाच. उरलेल्या एकोणीस दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रिकाम्या, तरंगत सापडल्या. जीवरक्षक तराफ्यात उतरायची वेळ आली असे कधी म्हणावे? तर तराफ्यात जायला पायरी चढून वर जावे लागते तेव्हा, म्हणजे होडी पायाखालून गेल्यावर, असे दर्यावर्दी तेव्हापासून एकमेकांना अधिकच बजावून सांगू लागले.

या दुर्घटनेनंतर अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने एक सूत्र काढले. होडीचे वजन पौंडांत घ्यावे, त्याला ६४ ने भागावे (एक घनफूट खाऱ्या पाण्याचे वजन), आलेल्या आकड्याचे घनमूळ काढावे आणि होडीच्या फुटांतल्या रुंदीला त्याने भागावे. उत्तर दोनच्या आत आले की ती सहसा उलटी होऊन तशीच राहणार नाही असे धरावे. साडेनऊ फूट रुंद आणि सुमारे साडेनऊ हजार पौंडांच्या ‘काँटेसा ३२’चे उत्तर १.८ च्या आसपास येते. पास. हे सूत्र हाती आल्यापासून जगभरच्या गिऱ्हाइकांना कॅल्क्युलेटर घेऊन गादीवरच बसून राहायची सोय झाली. त्यात एक बारीकसा घोळ आहे. वजन किती, एवढेच सूत्र विचारते. वजन कुठे, हे विचारत नाही. कीलमधले सगळे शिसे काढून डोलकाठीच्या टोकाला बांधले तरी उत्तर १.८ च. अशी होडी धक्क्यालाच पालथी पडेल, पण गुणपत्रिका शाबूत.

त्या ‘काँटेसा ३२’ जातीची ‘असेंट’ नावाची एक होडी त्या फास्टनेटमध्ये होती. सर्वांत लहान होड्यांच्या वर्गात शर्यत पुरी करणारी ती एकटीच निघाली. पुढे तिच्या मालकाने तीच होडी आर्क्टिक आणि अंटार्क्टिकाच्या बर्फापर्यंत नेली. म्हणजे सूत्र अगदीच वाया गेले असे नाही. पण ‘असेंट’ म्हणजे सगळ्या ‘काँटेसा’ नव्हेत. कारखान्यातून एकाच साच्यातून निघालेल्या दोन बहिणींपैकी एक नीट सांभाळलेली आणि दुसरी चाळीस वर्षे डेकवरच्या भोकांतून पाणी पीत बसलेली असू शकते. ते सूत्राला कळत नाही. ते हातोडीला कळते.

आपल्याकडे उन्हाळ्यात माठ घेताना आजी त्याला टिचकी मारते. खणखणीत वाजला तर पिशवीत, भद्द वाजला तर कुंभाराकडे परत. होडीचा सर्व्हेअर हेच करतो. प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी घेऊन तो फायबरग्लासच्या अंगावर इंच-इंच टकटक करत फिरतो. टक, टक, टक, टक, थप. ‘थप’पाशी खडूने गोल काढतो. डेक हे बहुधा सँडविच असते. वर-खाली फायबरग्लास आणि मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरले की आतला बाल्सा कुजून ओल्या बिस्किटासारखा होतो आणि वरून मात्र डेक चकचकीत राहतो. विकणारा सोबत चालत असेल तर तो टकटक सुरू असताना मोठमोठ्याने बोलू लागतो. त्याला हवामानाविषयी अचानक बरेच काही सांगायचे असते.

गिऱ्हाइकाला सर्वांत जास्त भीती वाटते ती फोडांची. फायबरग्लास वर्षानुवर्षे पाण्यात राहिला की त्यात पाणी झिरपते, आतल्या रसायनांशी मिसळते आणि बुडाला पुरळ उठते. याला ऑस्मॉसिस म्हणतात. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. सर्व्हेअर नाक लावून हुंगतो, लोक तोंड फिरवतात. इलाज महाग आहे, महिनोन्‌महिने होडी सोलून वाळवावी लागते, म्हणून किंमत पाडायला फोडांसारखे कारण नाही. पण फोडांनी बुडालेली होडी शोधायला निघालात तर बराच वेळ लागेल. कांजिण्या आलेल्या मुलाकडे सगळी गल्ली बघते आणि ज्याचे हृदय कमकुवत आहे तो कोपऱ्यात खेळत असतो, तसला हा प्रकार.

हृदय म्हणजे होडीच्या बुडाला मुद्दाम पाडलेली भोके. संडासाचे पाणी, इंजिन थंड करायचे पाणी, बेसिनचे पाणी, प्रत्येकासाठी एक भोक आणि त्यावर एक चावी, तिला सीकॉक म्हणतात. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर दीड इंची भोक मोकळे झाले तर मिनिटाला दीडशे-दोनशे लिटर पाणी आत येते. मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीने हेवा करावा असा दाब. म्हणून चाव्या ब्राँझच्या असाव्यात असा दंडक. पण ब्राँझ महाग आणि पितळ स्वस्त, दोन्ही पिवळी, आणि बघणारा उभा. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त हळूहळू निघून जाते आणि उरते ते गुलाबीसर, भुसभुशीत तांबे. ते हाताने दाबले तरी बिस्किटासारखे मोडू शकते. पितळ उघडे पडणे हा वाक्प्रचार मराठीत कुणी आणला ठाऊक नाही. तो नक्की कप्प्यात डोके घालून पडलेला असणार. जाणता मालक प्रत्येक चावीशेजारी मापाची लाकडी गुडदी दोरीने बांधून ठेवतो. गुडद्या बांधलेल्या दिसल्या की सर्व्हेअरचा आवाज जरा मऊ होतो.

काही परीक्षा इतक्या घरगुती आहेत की त्या करताना कुणाला परीक्षा वाटतच नाही. संडासाचे दार लावून बघणे ही त्यांतली एक. पुष्कळ छोट्या होड्यांत डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचा भार खालचा आधार पेलतो. दोन्ही बाजूंच्या ताणलेल्या तारा तिला रात्रंदिवस खाली दाबत असतात. आधार कुजला की छत खचते, आणि छत खचले की पहिले अडकते ते जवळचे दार. तेव्हा होडीत शिरल्याशिरल्या संडासाचे दार तीनदा उघडून लावणाऱ्या माणसाला पोटाचा त्रास आहे असे समजू नये.

कीलचा प्रश्न मात्र विनोदाचा नाही. कील म्हणजे आपल्या कोकणातल्या होड्या बांधणाऱ्यांचा पठाण. हल्लीच्या पुष्कळ होड्यांत तो बोल्टांनी खालून जोडलेला जडशीळ तुकडा असतो. बोल्टांची डोकी दिसतात, पण जिथे गंजायचे तिथे ते दिसत नाहीत. ‘चीकी राफिकी’ नावाची चाळीस फुटी होडी मे २०१४ मध्ये अटलांटिक ओलांडून इंग्लंडकडे येत असताना तिचा कील निखळला आणि चौघे जण गेले. त्या दुर्घटनेच्या तपासानंतर जुन्या होड्यांची कील रुतल्याची, आपटल्याची हकीकत मालकाला खोदून विचारली जाऊ लागली. मालकाला सहसा काही आठवत नाही.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण कुणी होडीवाल्याने केली नसेल, पण तिचा खरा संसार तिथेच आहे. फायबरग्लास कुजत नाही, त्यामुळे १९७० च्या दशकातल्या होड्या धक्क्यांवर पडून आहेत आणि कित्येकदा धक्क्याचे भाडे थकले म्हणून फुकटही मिळतात. मग डोलकाठीच्या पोलादी तारा. त्या दहा-बारा वर्षांनी बदला असे विमा कंपन्या सांगतात, कारण तार तुटते ती टोकाच्या दाबून बसवलेल्या टोपीत, जिथे केसाएवढी चीर भिंगाशिवाय दिसत नाही. मग शिडे, तराफा, रेडिओ. घेणारा पहिल्या महिन्यात बायकोला खरा आकडा सांगतो, दुसऱ्या महिन्यात निम्मा सांगतो, तिसऱ्या महिन्यात बायकोच दुकानाच्या पिशव्या मोजू लागते.

असे असूनही स्वस्तातली जुनी होडी जग गाजवू शकते. ‘आल्बिन व्हेगा’ ही २७ फुटांची स्वीडिश होडी. शनिवार-रविवारी कुटुंबाने खाडीत फिरावे म्हणून बांधलेली, आत डोके जपून उभे राहावे लागते अशी. तसली एक, १९७० च्या दशकातली, घेऊन मॅट रदरफर्ड २०११ मध्ये अ‍ॅनापोलिसहून निघाला. उत्तरेकडून बर्फाच्या वायव्य मार्गाने, मग खाली केप हॉर्न, मग परत. दोन्ही अमेरिका खंडांना न थांबता, एकट्याने वळसा. ३०९ दिवस. व्हेगाला एक गोष्ट अनुकूल होती. तिचा भार फायबरग्लासच्या पोटातच बंद आहे. निखळायला बोल्टच नाहीत.

आणि ‘सुहैली’? तिच्याबद्दल मुंबईकराने निःपक्ष राहायची अपेक्षा करू नये. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा अधिकारी. त्याने मुंबईत, इथल्या सुतारांकडून, वाकस आणि हातसामत्याने सागवानात ती ३२ फुटी होडी घडवून घेतली. १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. आराखडा १९२० च्या दशकातला, चाल संथ. १९६८ मध्ये जगाभोवती एकट्याने न थांबता जायची शर्यत निघाली तेव्हा त्यालाही ५३ फुटांची नवी पोलादी होडी हवी होती. पैसे जमले नाहीत. मग उरली ती जुनी. अटलांटिकमध्येच तिला कीलजवळच्या जोडातून गळती लागली. नॉक्स-जॉन्स्टनने पाण्यात बुडी मारून फटीत कापूस ठोसला, वर कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचा पत्रा ठोकला. गोरे अंग शार्कला दिसू नये म्हणून शर्ट-पँट घालून उतरला. तरी एक शार्क आलाच, त्याला बंदुकीने उडवावे लागले. पुढे लाटेने होडी अशी आडवी केली की केबिनच हलली. कुठल्याही सर्व्हेअरने ‘नको’ म्हणावे अशा अवस्थेत, ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ती इंग्लंडला परतली. निघालेल्या नवांपैकी शर्यत पुरी करणारी ती एकटी.

त्याच शर्यतीत चे ब्लिथ होता. त्याची ३० फुटी होडी दोन बुटक्या कीलची होती. ओहोटीला चिखलात ताठ बसावी म्हणून केलेली. होडी चालवण्याचा अनुभव जवळजवळ शून्य. निघताना मित्रांनी शिडे लावून दिली, आणि एक होडी पुढे राहून काय करायचे ते दाखवत गेली; हा मागून नक्कल करत बंदराबाहेर पडला. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी थेट हिमालयात. तरीही तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकापलीकडे पोचला आणि तिथे शहाणपणाने थांबला. दोन वर्षांनी दुसऱ्या, मजबूत होडीतून निघून तो उलट दिशेने, वाऱ्याविरुद्ध, न थांबता जग फिरून आला.

उलटही घडते. २०१८ मध्ये ‘सुहैली’ची प्रतिकृती ‘तुरीया’ गोव्यात नवी कोरी बांधून अभिलाष टोमी त्या शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीत उतरले. हिंदी महासागरात वादळाने डोलकाठी नेली, पाठीचा कणा दुखावला, फ्रेंच जहाजाने सुटका केली. चार वर्षांनी ते पुन्हा उतरले आणि दुसरे आले. त्याच २०२२ च्या शर्यतीत फिनलंडच्या तापियो लेहतिनेन यांची ‘आस्टेरिया’ होती. मायेने डागडुजी केलेली, अनुभवी हातांतली जुनी होडी. हिंदी महासागरात एका सकाळी ती मागच्या बाजूने भरू लागली आणि काही मिनिटांत बुडाली. लेहतिनेन तराफ्यात बसले आणि दुसऱ्या दिवशी वाचवले गेले. वाचवायला आलेली कर्स्टन नॉयशेफर पुढे शर्यत जिंकली.

नशिबाचे काही सांगता येत नाही; निदान गळती तरी आधी दिसावी म्हणून जाणते लोक होडी बघायला पावसात जातात. विकणारा नाराज असतो. उन्हात बघा, म्हणतो. पावसात खिडक्यांच्या कडा बोलू लागतात, गादीचा कोपरा ओला निघतो, कपाटातून बुरशीचा वास येतो. तो वास घालवायला आदल्या दिवशी कॉफी करून ठेवलेली असते, हेही जाणत्याला कळते.

सगळे बघून, ठोकून, हुंगून झाल्यावर शेवटी उरते होडीच्या अगदी तळातले पाणी. चूळभर असते, काळपट, वर तेलाचा तवंग. प्रत्येक जुन्या होडीत असते आणि प्रत्येक मालक ते पावसाचे आहे असे सांगतो. ते गोडे असेल तर पावसाचे किंवा टाकीचे, आणि खारे असेल तर समुद्राचे. ओळखायला यंत्र लागत नाही. पाय वर, डोके खाली, तो माणूस बोटीत बोट बुडवतो. मग तसाच सरपटत मागे येतो, उठून बसतो, कपाळाला गंजाचा टिळा. विकणारा चहाचा कप पुढे करून थांबलेला असतो. माणूस त्याच्याकडे बघतो, आणि बोट जिभेला लावतो.